मोठ्या फाइलपट्ट्याचे शून्यीकरण : प्रकल्प नोंदी, नोव्हेंबर २०२५

सोमवार, ३ नोव्हेंबर

अंधेरीच्या आमच्या कार्यालयातून गोरेगावातील संकलन स्टुडिओंना जी साठवण यंत्रे जातात, त्यांवर आमची स्वतःची छोटेखानी फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली कुठे आणि कशा ठेवायच्या ते पाहणारी व्यवस्था) चालते. तिच्या कर्नलमधील, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातील, कोडमध्ये आजपासून एक नवे काम हाती घेतले आहे. मालिकेचे चित्रीकरण उतरवण्यासाठी प्रत्येक यंत्रावर ३०० जीबीची एक फाइल आधीच आखून ठेवलेली असते (या नोंदींत जीबी म्हणजे दोनचा तिसावा घात), तिची जागा डिस्कवर सलग असते, आणि एका निर्मितीचे काम संपले की तीच फाइल पुढच्या निर्मितीच्या हवाली केली जाते. हवाली करण्यापूर्वी आतले जुने चित्रण वाचता येणार नाही, एवढी हमी द्यावी लागते.

आजवर ही हमी एका साध्या प्रोग्रॅमवर सोपवलेली होती. तो फाइल उघडून पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत शून्ये लिहीत सुटतो. सेकंदाला २०० एमबी या वेगाने लिहिणाऱ्या डिस्कवर ३०० जीबी भरायला सुमारे २७ मिनिटे लागतात, आणि तेवढ्या वेळात पेज कॅश (फाइलींची पाने स्मृतीत साठवणारी जागा) बिनकामाच्या शून्यांनी भरून जातो, म्हणजे शेजारच्या संकलकाला लागणारी पाने बाहेर फेकली जातात. तक्रार वेळेची आली होती. मला मात्र हा दुसरा तोटा अधिक खटकतो.

लिनक्समध्ये यासाठी फॅलोकेट ही सिस्टिम कॉल (प्रोग्रॅमने कर्नलकडे करायची मागणी) २००७ पासून, म्हणजे २.६.२३ या आवृत्तीपासून आहे. फाइलमध्ये भोक पाडण्याची सोय, पंच होल, २.६.३८ मध्ये २०११ साली आली, आणि पट्टा शून्य करण्याची झिरो रेंज ३.१५ मध्ये २०१४ साली. भोक पाडले तर वाचणाऱ्याला शून्येच मिळतात, पण ब्लॉक (डिस्कवरील जागेचे ठरावीक आकाराचे तुकडे) मोकळे होतात, मधल्या काळात ते दुसरी फाइल उचलते, आणि मोठ्या कष्टाने राखलेली सलगता जाते. त्यामुळे आपल्या कामाला झिरो रेंजच योग्य आहे. ब्लॉक फाइलकडेच राहतील, फक्त त्यांच्यावर 'इथे अजून काही लिहिलेले नाही, वाचल्यास शून्य द्यावे' अशी खूण होईल. अशा एक्स्टेंटला, म्हणजे सलग ब्लॉकच्या गटाला, मी या नोंदींत अलिखित म्हणेन.

एक मर्यादा आजच लिहून ठेवतो, नंतर वाद नको. ही हमी फाइल सिस्टिमच्या वाटेने वाचणाऱ्यापुरतीच आहे. डिस्क काढून थेट वाचणाऱ्याला जुन्या फ्रेम दिसतील.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

आमच्या एक्स्टेंटची मांडणी आम्ही काही वर्षांपूर्वी एक्स्ट-४ या लिनक्सच्या प्रचलित फाइल सिस्टिमवरून जशीच्या तशी उचलली होती, त्यामुळे तिचे गुण आणि खोडी दोन्ही वारशाने आल्या आहेत. ब्लॉक ४ केबीचा, एका एक्स्टेंटची नोंद १२ बाइटची, पानाच्या डोक्यावर १२ बाइटचे शीर्ष; म्हणून झाडाच्या (या नोंदी ठेवणाऱ्या शाखारचनेच्या) एका पानात ४०९६ वजा १२ भागिले १२, अशा ३४० नोंदी मावतात. लांबीसाठी १६ बिट आहेत आणि त्यांतला सर्वांत वरचा बिट अलिखिताची खूण म्हणून वापरला जातो.

खोडी इथेच आहे. लिखित एक्स्टेंट जास्तीत जास्त ३२७६८ ब्लॉकचा, म्हणजे बरोबर १२८ एमबीचा असू शकतो. ती लांबी लिहिताना नेमका वरचाच बिट चढतो, पण उरलेले पंधरा बिट शून्य असल्याने, शून्य लांबीचा अलिखित एक्स्टेंट निरर्थक म्हणून, हा आकडा अपवादाने 'लिखित, पूर्ण लांबीचा' असा वाचतात. परिणामी अलिखित एक्स्टेंट ३२७६७ वर थांबतो. आमची ३०० जीबीची फाइल बरोबर २४०० पूर्ण लांबीच्या एक्स्टेंटची बनलेली आहे. म्हणजे नुसता बिट उलटवून यातला एकही एक्स्टेंट अलिखित करता येत नाही. प्रत्येकाला एकेक ब्लॉक जास्त आहे.

मी हे वाचून बराच वेळ खुर्चीत मागे रेलून बसलो होतो. कागदावर 'बिट उलटवणे : अर्धा दिवस' असा अंदाज मीच लिहिला होता.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

काल गुरुनानक जयंतीची सुट्टी होती, आणि सुट्टीच्या दिवशी बहुधा होते तसे उत्तर सुचले.

एक्स्ट-४ मध्ये रूपांतराची मागणी ३२७६७ पेक्षा मोठी असेल तर ती त्याच्या निम्म्यावर आणतात, म्हणजे पूर्ण एक्स्टेंटचे १६३८३ आणि १६३८५ असे दोन तुकडे होतात. रीत साधी आहे आणि चुकायला जागा ठेवत नाही, पण तिने आमच्या २४०० नोंदींच्या ४८०० होतील, आणि आठ पानांत मावणारे झाड पंधरा पानांवर जाईल. सर्वसाधारण फाइल सिस्टिमला ते चालून जाते. आमच्याकडे फाइल डिस्कवर सलग आहे हे आधीच ठाऊक असताना तसे करणे मला उधळपट्टी वाटते.

म्हणून प्राथमिक शाळेतल्या बेरजेसारखा हातचा धरायचे ठरवले. पहिल्या एक्स्टेंटमधून ३२७६७ ब्लॉकची अलिखित नोंद लिहायची, हातचा एक. दुसऱ्याच्या ३२७६८ मध्ये तो मिळवायचा, पुन्हा ३२७६७ लिहायचे, हातचे दोन. असे शेवटपर्यंत गेले की २४०० नोंदी पूर्ण लांबीच्या होतात आणि हातात उरलेल्या २४०० ब्लॉकची एक शेवटची नोंद होते, एकूण २४०१. जिथे डिस्कवरील सलगता तुटते तिथे हातचा पुढे नेता येत नाही, तो तिथेच स्वतंत्र नोंद म्हणून उतरवायचा. पूर्वी सात पाने भरलेली आणि आठव्यात २० नोंदी होत्या; आता आठव्यात २१ होतील. ३०० जीबी शून्य करण्यासाठी डिस्कवर प्रत्यक्ष बदलणारा मजकूर आठ पानांचा, म्हणजे ३२ केबी, आणि वर निर्देशांकाचे पान व इनोड (फाइलची मूळ माहिती ठेवणारी नोंद), एवढाच.

जर्नलच्या (वीज गेली तरी घोळ होऊ नये म्हणून बदल आधी टिपणाऱ्या वहीच्या) दृष्टीने सावधगिरी म्हणून दर पानाला एक स्वतंत्र व्यवहार (पूर्ण होणारा, नाहीतर मुळीच न होणारा बदल) ठेवला आहे.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

पहिली खरी चूक सापडली, आणि ती अगदी पाठ्यपुस्तकातली निघाली. १ जीबीच्या फाइलवर सगळे ठीक चालत होते. १० जीबीच्या फाइलवर ५ जीबीपासून पुढचा पट्टा शून्य केला, तर झाड बरोबर बदलले होते, पण फाइल वाचली की जुनाच मजकूर येत होता. यंत्र बंद करून चालू केले की शून्ये दिसत. म्हणजे डिस्कवर काम झाले होते आणि स्मृतीतली जुनी पाने हटली नव्हती. चाचणी पाहणाऱ्या ताईंनी माझ्या आधी दुसरी बाजू पाहिली. त्या म्हणाल्या, "अरे, ती पाने राहिली हे ठीक, पण मग हटली कुठली ते बघितलंस का?"

हटली होती ती १ जीबीवरची. ब्लॉक क्रमांक आमच्याकडे ३२ बिटांचा आहे, आणि त्याला बारा घरे डावीकडे सरकवून बाइटचे स्थान काढताना मी आधी त्याचे ६४ बिटांत रूपांतर केले नव्हते. ५ जीबीवरचा ब्लॉक क्रमांक १३१०७२०. तो सरकवला की ५३६८७०९१२० यायला हवेत, पण ३२ बिटांत ४ जीबी गळून जातात आणि १०७३७४१८२४ उरतात, म्हणजे नेमका १ जीबी. त्या ठिकाणी डिस्कवर न उतरलेली पाने असती तर एका निर्मितीचा पट्टा शून्य करताना फाइलच्या भलत्याच भागातले ताजे चित्रण नाहीसे झाले असते, आणि कुठेही चूक म्हणून नोंद झाली नसती. दुरुस्ती एका शब्दाची आहे. कोडमध्ये अशी सरकवणी आणखी कुठे आहे हे शोधण्यात बाकीचा दिवस गेला. आणखी दोन ठिकाणे मिळाली, दोन्ही माझीच.

सोमवार, १० नोव्हेंबर

मधला भाग आता सोपा वाटतो. आजचा दिवस पट्ट्याच्या दोन टोकांवर गेला. मागितलेला पट्टा ब्लॉकच्या मध्यावर सुरू होत असेल, तर तो पूर्ण ब्लॉक अलिखित करता येत नाही, कारण त्याच्या अलीकडच्या बाइटांना हात लावायचा नाही. तिथे पान स्मृतीत आणून त्याचा तेवढा तुकडा खरोखर शून्य करावा लागतो. त्यासाठी मी कर्नलमधल्या आयोमॅपच्या (फाइल सिस्टिमना सामाईक असलेल्या कोडच्या) धर्तीवर एक छोटे फंक्शन लिहिले होते, आणि त्यात एक सवलत घेतली होती: टोकाचा ब्लॉक भोकात किंवा अलिखित एक्स्टेंटमध्ये असेल तर तो शून्यच आहे, म्हणून पुढे जावे.

हा समज चुकीचा आहे, आणि का चुकीचा आहे ते सविस्तर लिहून ठेवतो, कारण सहा महिन्यांनी मीच पुन्हा ही सवलत घालीन.

चाचणी अशी होती. अलिखित एक्स्टेंटवरील एका ब्लॉकमध्ये ४०९६ बाइट 'क' हे अक्षर लिहिले. लिहिणे परतले, पण मजकूर अजून पेज कॅशमध्येच आहे. डिस्कवर उतरलेला नाही, त्यामुळे झाडात तो एक्स्टेंट अजून अलिखितच दिसतो. लगेच त्याच ब्लॉकच्या १००० व्या बाइटपासून पुढचा मोठा पट्टा शून्य करण्याची आज्ञा दिली. माझ्या फंक्शनने झाड पाहिले, 'अलिखित' असे वाचले आणि टोक सोडून दिले. काही सेकंदांनी कर्नलने आपल्या सवडीने ते पान डिस्कवर उतरवले, उतरवून झाल्यावर एक्स्टेंट लिखित केला, आणि १००० व्या बाइटच्या पुढे सगळे 'क' जिवंत राहिले. आज्ञा यशस्वी झाल्याचे प्रोग्रॅमला कळवून झाले होते.

अलिखित ही डिस्कची स्थिती आहे, फाइलची नव्हे. फाइलचे खरे चित्र झाड आणि पेज कॅश मिळून ठरते, आणि दोघांत मतभेद असेल तर पेज कॅशचे म्हणणे खरे. आयोमॅपमध्येही हीच फट होती. तिथे असा पट्टा दिसला की त्यावरील न उतरलेली पाने आधी डिस्कवर उतरवून झाड पुन्हा पाहायचे, अशा रीतीने ती बुजवण्यात आली. मी तेच केले, पण फक्त दोन टोकांच्या ब्लॉकसाठी. मधली पाने उतरवून मग फेकून देणे म्हणजे पुसण्यासाठी लिहिणे होय.

मधली पाने नुसती टाकून देताना आणखी दोन गोष्टी सांभाळाव्या लागल्या. झाड बदलण्यासाठी लागणारी जागा आणि जर्नलमधील जागा पाने टाकण्यापूर्वीच राखून ठेवली, नाहीतर पाने गेली आणि मग जागा नाही म्हणून काम अडले, तर फाइलमध्ये नवा मजकूरही नाही आणि शून्यही नाही, त्यामागचे जुनेच काहीतरी उघडे पडते. दुसरे म्हणजे एखाद्या प्रोग्रॅमने फाइल एममॅप केलेली (थेट आपल्या स्मृतीत जोडून घेतलेली) असेल, तर पाने टाकणे आणि झाड बदलणे यांच्या मधल्या फटीत त्याचा पेज फॉल्ट (स्मृतीत नसलेल्या पानाची मागणी) येऊन जुना मजकूर पुन्हा स्मृतीत चढू शकतो. त्यासाठी ५.१५ पासून कर्नलमध्ये असलेले इनव्हॅलिडेट लॉक दोन्ही कामे संपेपर्यंत धरले आहे.

बुधवार, १२ नोव्हेंबर

नवी मागणी आली, आणि ती रास्त आहे. अलिखित पट्ट्यावर पहिल्यांदा लिहिले की दर वेळी एक्स्टेंट लिखित करण्याचा एक व्यवहार जर्नलमध्ये जातो. कॅमेऱ्याचा प्रवाह थेट उतरत असताना काही ग्राहकांना तेवढाही अडथळा नको आहे. त्यांना खरोखर शून्ये लिहिलेला, लिखित पट्टा हवा, आणि तो रात्री निवांत तयार झाला तरी चालेल. सप्टेंबरअखेर आलेल्या ६.१७ कर्नलमध्ये फॅलोकेटला राइट झिरोज ही नवी खूण याच गरजेसाठी मिळाली आहे. आमची यंत्रे ६.१२ वर आहेत, त्यामुळे हे घरीच करावे लागेल.

जी डिस्क एका आज्ञेत शून्ये भरू शकते तिच्यावर काम झटकन होते. साध्या डिस्कवर मात्र ब्लॉक स्तर एकच शून्यांचे ४ केबीचे पान पुन्हा पुन्हा जोडून विनंत्या बनवतो; एका विनंतीत २५६ पाने, म्हणजे १ एमबी. ३०० जीबीला ३०७२०० विनंत्या. पहिल्या प्रयत्नात मी हे सगळे एकाच कॉलमध्ये, इनोडचे लॉक धरून केले. दोन मिनिटांनी कर्नलच्या लॉगमध्ये, त्या फाइलला हात लावू पाहणारे प्रोग्रॅम १२० सेकंदांहून अधिक काळ अडकल्याचे संदेश येऊ लागले, आणि कंट्रोल-सी दाबून काही उपयोग झाला नाही. डोंबिवलीहून येणाऱ्या सहकाऱ्याने पडद्याकडे पाहून "आज बुधवार आहे, मेगाब्लॉक रविवारी असतो" एवढेच म्हटले.

आता काम १२८ एमबीच्या हप्त्यांत होते. दर हप्त्यानंतर लॉक सोडतो, प्रोसेसर दुसऱ्याला हवा असेल तर देतो, आणि प्रोसेस मारण्याचा सिग्नल आला आहे का ते पाहून मगच पुढे जातो. मधे थांबलो तर किती झाले हे फॅलोकेट सांगू शकत नाही, ती यश किंवा चूक एवढेच परत करते. पण शून्यावर पुन्हा शून्य भरल्याने काही बिघडत नाही, म्हणून मागणाऱ्याने सगळा पट्टा पुन्हा मागावा. हप्त्यांच्या मधे दुसऱ्या कोणी त्याच पट्ट्यात लिहिले तर पुढचा हप्ता ते पुसू शकतो. एकाच पट्ट्यावर दोघांनी एकाच वेळी काम केले तर क्रम कोणताही लागू शकतो, हे तसेही गृहीतच असते.

क्रमाबाबत मात्र तडजोड नाही. आधी संपूर्ण पट्टा अलिखित करायचा, जे क्षणात होते. मग एकेका हप्त्यात शून्ये डिस्कवर लिहायची, ती पोहोचल्याची खात्री करायची, डिस्कच्या स्वतःच्या कॅशमधूनही खाली उतरवायची, आणि त्यानंतरच तेवढा एक्स्टेंट लिखित करायचा. हे उलटे केले आणि मधे वीज गेली, तर झाड सांगेल 'लिखित' आणि तिथे मागच्या मालिकेच्या फ्रेम असतील. योग्य क्रमात कुठेही वीज गेली तरी वाचणाऱ्याला शून्येच मिळतात. फक्त काही भाग लिखित आणि काही अलिखित राहतो.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

एफएसटेस्ट्स या फाइल सिस्टिमच्या चाचणीसंचातील झिरो गट सकाळी बिनतक्रार पार पडला, त्यात ही आज्ञा तपासणारी जेनेरिक ००९ देखील. एफएसएक्सला (फाइलवर यादृच्छिक क्रिया करून तपासणाऱ्या प्रोग्रॅमला) झिरो रेंजसह रात्रभर फिरवले होते, तेही शांत. मग ताईंनी डीएम-लॉग-राइट्स लावले. त्यात डिस्कवर गेलेले प्रत्येक लिखाण क्रमाने नोंदले जाते, आणि नंतर हव्या त्या क्षणापर्यंतच ते पुन्हा खेळवून 'इथे वीज गेली असती तर' असे पाहता येते. एका क्षणी आमच्या तपासणी साधनाने सांगितले की १०२० ब्लॉक वापरात म्हणून नोंदलेले आहेत, पण त्यांना मालक नाही.

१०२० म्हणजे ३४० गुणिले ३. आकडा पाहताच चूक कळली. दर पानाला एक व्यवहार, आणि तीन पाने झाल्यावर माझ्या हातात १०२० ब्लॉकचा हातचा. तो फक्त स्मृतीत होता. तिसरा व्यवहार पक्का झाला आणि चौथ्यापूर्वी वीज गेली, तर तो हातचा कोणत्याच पानात नाही. शाळेत हातचा पाटीच्या कोपऱ्यात लिहून ठेवायला सांगत, ते उगाच नव्हे.

पहिला विचार असा की दर पानाच्या शेवटी हातचा त्याच पानात स्वतंत्र नोंद म्हणून उतरवावा. तो मावत नाही. ३४० पूर्ण लांबीचे एक्स्टेंट अलिखित करायला कशाही सीमा आखल्या तरी किमान ३४१ नोंदी लागतात, आणि पानात घरे ३४०. सहा तारखेच्या नोंदीत मी सावधगिरी म्हणून जे केले होते तेच चुकीचे होते. आता एका व्यवहारात ६४ पाने घेतो, म्हणजे आमची फाइल एकाच व्यवहारात पूर्ण होते. जास्त तुकड्यांची फाइल आली आणि व्यवहार मधे तोडावा लागला, तर तोडण्यापूर्वी हातचा एका नव्या पानात उतरवतो आणि पुढचा व्यवहार तिथूनच सुरू करतो. ती दुसरी वाट क्वचितच चालेल, म्हणून चाचणीसाठी ६४ ऐवजी २ पानांची मर्यादा घालता येईल असा स्विच ठेवला आहे. त्या मर्यादेवर संध्याकाळपर्यंत सर्व क्षण खेळवून झाले. मालक नसलेला एकही ब्लॉक नाही.

सोमवार, १७ नोव्हेंबर

चाचणी यंत्रावर जुन्या चित्रणाने भरलेली ३०० जीबीची फाइल घेऊन आज्ञा दिली. एंटर दाबून बोट उचलेपर्यंत प्रॉम्प्ट परत आला होता. फाइलफ्रॅगने (फाइलचे एक्स्टेंट दाखवणाऱ्या साधनाने) २४०१ एक्स्टेंट दाखवले, सगळे अलिखित, शेवटचा २४०० ब्लॉकचा. नंतर हेक्सडंप (फाइलचे बाइट छापणारे साधन) लावून चहाला गेलो, कारण डिस्क वाचायची नसली तरी ३०० जीबी शून्ये स्मृतीतून वाहून नेण्यास वेळ लागतोच. परत आलो तेव्हा पडद्यावर तीनच ओळी होत्या: शून्यांची एक, तिच्याखाली 'वरीलप्रमाणेच' असे सांगणारा एक तारा, आणि शेवटचे स्थान ४बी००००००००, म्हणजे सोळाच्या पायावरच्या अंकपद्धतीत बरोबर ३०० जीबी.

पॅच पुनरावलोकनासाठी दिला आहे. राइट झिरोजची वाट यंत्रांवर सध्या बंद ठेवली आहे. रेड संचातील (एकत्र जोडलेल्या डिस्कांच्या संचातील) एक डिस्क निकामी असताना शून्ये लिहिण्याची चाचणी व्हायची आहे, आणि त्यासाठी बुधवारी सुटी डिस्क मिळणार आहे.